गाडी अडते ती हातभर नळीपाशी

जुन्या मोटारींची हौस हा एके काळी आपल्याकडे राजेरजवाड्यांचा आणि गर्भश्रीमंतांचा विषय होता. थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी सकाळी मुंबईत किंवा पुण्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची, पितळी भोंगे वाजायचे, फेटे बांधलेले मालक हात हलवायचे आणि तुमच्याआमच्यासारखी माणसे मुलांना खांद्यावर घेऊन तो थाट पाहायची. हे चित्र आता बरेच पालटले आहे. ‘जुनी गाडी’ म्हटले की डोळ्यांसमोर रोल्स रॉइस किंवा ब्यूकच येते असे नाही. वडिलांनी कर्ज काढून घेतलेली प्रीमियर पद्मिनी, आजोबांच्या दवाखान्याबाहेर उभी राहणारी अ‍ॅम्बॅसडर, एखाद्या कारखानदार काकांची काँटेसा या गाड्यांनाही आता जुन्याचा मान मिळू लागला आहे. पुढची पिढी त्या भंगारात न देता दुरुस्त करून वापरू पाहते. ही गोष्ट चांगलीच आहे. पण अशी गाडी नेमकी कुठे अडते, हे ज्याने हा उद्योग केला त्यालाच ठाऊक असते.

लोकांना वाटते, गाडी इंजिनापाशी अडत असेल. तसे सहसा होत नाही. इंजिन लेथवाल्याकडे नेऊन बोअर करता येते, पिस्टन शोधता येतात, हेडला पॉलिश मारता येते. पत्रा गंजला तर डेंटिंग करणारा तो ठोकून पुन्हा जागेवर आणतो. सीट कव्हरवाला तर गल्लोगल्ली आहे. गाडी अडते ती एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपाशी. ज्या जुन्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आहे, त्यांच्या बाबतीत ही क्षुल्लक वस्तू म्हणजे हातभर लांबीची एक रबरी नळी असते. बॉनेटखाली तिचे एक टोक पंपाला आणि दुसरे स्टिअरिंग बॉक्सला जोडलेले असते. ती फुटली, पाझरू लागली आणि तशीच दुसरी मिळाली नाही, की लाखभर रुपये खर्चून रंगवलेली गाडी पार्किंगमध्ये कव्हराखाली बसून राहते.

ही नळी करते काय, ते आधी समजून घेऊ. अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनी ज्यांनी चालवली आहे त्यांना उभ्या जागी स्टिअरिंग फिरवताना खांद्यातून निघणारी कळ आठवत असेल. मोठ्या आणि जड गाड्यांत तर हे काम पैलवानाचेच. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने यावर तेलाच्या दाबाचा उपाय शोधला आणि १९२६ मध्ये गाडीवर बसवून दाखवलाही. पण सर्वसामान्य ग्राहकाला तो विकत मिळायला १९५१ साल उजाडले. क्रायस्लर कंपनीची ‘इम्पीरियल’ ही त्या सोयीसह बाजारात आलेली पहिली मोटार. रचना साधी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो, ते तेल एका नळीतून स्टिअरिंगच्या यंत्रणेत जाते, तिथल्या दट्ट्याला ढकलते आणि चाक वळवायला मदत करते. काम झालेले तेल दुसऱ्या नळीतून टाकीत परत येते. मेकॅनिक मंडळी यातल्या पहिलीला प्रेशर पाइप आणि दुसरीला रिटर्न पाइप म्हणतात.

रिटर्न पाइपची कथा सोपी आहे. तिच्यात दाब फारसा नसतो. तेल आणि उष्णता सोसणारे चांगले रबर घेऊन क्लिपा आवळल्या की निभावते. खरा प्रश्न प्रेशर पाइपचा. पेट्रोल पंपावर आपण टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा भरून घेतो. स्टिअरिंग पूर्ण टोकापर्यंत वळवून धरले की या नळीतला दाब हजार पौंडांच्या वर जातो, म्हणजे टायरच्या तीसपट किंवा त्याहूनही अधिक. शेजारी इंजिनाची धग, सतत थरथर आणि आतून गरम तेल. हे सगळे वर्षानुवर्षे सोसणारी ही नळी म्हणजे बागेला पाणी घालायचा पाइप नव्हे. आत तेलाला न विरघळणारे कृत्रिम रबर, त्यावर मजबूत धाग्यांची विणलेली जाळी आणि सगळ्यात बाहेर उष्णता सोसणारे आवरण असे तिचे तीन थर असतात. शिवाय तिला थोडेसे फुगताही यावे लागते. पंप तेलाला एकसारखा दाब देत नाही, धक्क्याधक्क्याने देतो. ते धक्के नळीने पोटात घेतले नाहीत तर स्टिअरिंगवर ते जाणवतात आणि पंपाचा केविलवाणा आवाज गाडीभर घुमतो. अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने अशा नळ्यांसाठी ‘एसएई जे १८८’ नावाचे स्वतंत्र मानक केले आहे. एवढी ती वेगळी वस्तू आहे.

आता काँटेसाचेच उदाहरण घ्या. ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हीएक्स मालिकेवर बेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये आणली आणि २००२ पर्यंत बनवली. सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन होते. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि नंतरच्या काही गाड्यांना पॉवर स्टिअरिंगही मिळाले. म्हणजे सांगाडा विलायती वळणाचा, इंजिन जपानी आणि जुळणी बंगालमधल्या उत्तरपाडा इथली. इंजिनावरचा पंप आणि खालचा स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणारी नळी या जोडीसाठीच वाकवलेली असते. त्यामुळे विलायतेतल्या व्हॉक्सहॉलप्रेमींकडे किंवा जपानी कॅटलॉगमध्ये ती सापडण्याची आशा कमीच. ती आपल्याकडेच बनली, आपल्याकडेच वापरली गेली आणि आपल्याकडूनच ती नाहीशी होत चालली आहे.

मग मालकाची भटकंती सुरू होते. पुण्यातला असेल तर आधी नाना पेठ. तिथला दुकानदार नळी हातात घेऊन उलटीसुलटी करतो आणि म्हणतो, “साहेब, ही लाइन केव्हाच बंद झाली.” मग रविवारचा जुना बाजार, मुंबईला कुर्ल्याचे भंगारवाले, कोणी ओळखीचे असतील तर दिल्लीचे कश्मिरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार. पद्मिनीवाले या बाबतीत भाग्यवान म्हणायचे. मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या आणि त्यांच्या जिवावर सुट्या भागांची एक अख्खी बाजारपेठ जगत होती. काँटेसाला असा टॅक्सीवाल्यांचा आधार कधी मिळाला नाही. ती साहेबाची गाडी होती. साहेबांनी ती सोडली आणि तिचा बाजारही उठला.

कधी कधी नशीब फळफळते. एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर कंपनीच्या मूळ वेष्टनातली कोरी नळी मिळते. मालकाला लॉटरी लागल्याचा आनंद होतो. पण इथेच थबकायला हवे. रबर हा पदार्थ वापरला नाही तरी म्हातारा होतो. हवेतला ओझोन, उकाडा आणि काळ त्याला कोरड्या पाकिटातही सोडत नाहीत. तीस वर्षे माळ्यावर पडलेली नळी बाहेरून झकास दिसते आणि पहिल्या उन्हाळ्यात घाटात फुटते. रबर वाकवून बारीक भेगा दिसतात का ते पाहावे, नळीवर उत्पादनाची तारीख असेल तर ती वाचावी आणि शंका आली तर त्या कोऱ्या वस्तूचा उपयोग केवळ नमुना म्हणून करावा. मूळ वस्तूचा मोह जुन्या गाड्यांच्या शौकिनांना फार असतो. पत्र्याच्या आणि काचेच्या बाबतीत तो खुशाल बाळगावा. रबराच्या बाबतीत तो घातक आहे.

शोध फसला की दुसरा मोह पुढे उभा राहतो. तो म्हणजे जुगाड. “बसवून देतो साहेब, काही होत नाही,” असे म्हणत एखादा हुन्नरी कारागीर रेडिएटरच्या नळीचा तुकडा कापतो, दोन्ही बाजूंना क्लिपा आवळतो आणि गाडी सुरू करून दाखवतो. सरळ रस्त्यावर ती चालतेही, कारण सरळ रस्त्यावर दाब कमी असतो. पण पहिल्याच अरुंद जागेत स्टिअरिंग टोकापर्यंत फिरले की क्लिप सुटते. तसे झाले तर चाक वळणे अगदी बंद होत नाही, कारण स्टिअरिंगचा चाकांशी असलेला यांत्रिक दुवा शाबूत असतो. पण हलक्या हाताने फिरणारे चाक अचानक दगडासारखे जड होते, तेही वळणावर. उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर पेट घेऊ शकते. तेल संपल्यावर कोरडा फिरणारा पंप निकामी होतो, तो वेगळाच. शिवाय गळती कुठे आहे ते पाहायला चालू इंजिनावर नळीभोवती हात फिरवणे धोक्याचे असते. सुईसारखी बारीक तेलाची धार कातडी भेदून आत जाते. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, हात धरू नये.

आपल्या देशात जुगाडाचे फार कौतुक होते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतूनही ते होते. गरजेतून सुचलेल्या युक्तीला माझाही विरोध नाही. पण जुगाड आणि दुरुस्ती यांत फरक आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. जुगाडात आजचा दिवस भागतो. दुरुस्ती करणाऱ्याला आपण बसवलेल्या वस्तूची उद्याची जबाबदारी घ्यावी लागते. त्यासाठी ती वस्तू कशाची बनली होती, किती दाब सोसत होती, तिच्यातून काय वाहत होते हे माहीत असावे लागते. म्हणजे मुळात प्रश्न नळीपेक्षा माहितीचा आहे.

ही माहिती मिळाली तर ती नळी बनवणारे हात आपल्याकडे आहेत, आणि ते फार लांबही नाहीत. ज्या महाराष्ट्रात ट्रॅक्टर, ऊसतोडणीची यंत्रे आणि जेसीबी अहोरात्र राबतात तिथे हायड्रॉलिक पाइपांची दुकाने असणारच. पुण्याची भोसरी असो की कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, हवा तेवढा पाइप कापून त्याच्या टोकांवर पोलादी टोपण यंत्राने दाबून देणारे कारागीर तिथे बसलेले आहेत. या कामाला ते क्रिम्पिंग म्हणतात. मोटारीच्या नळीत बहुधा रबर तेवढे जाते. दोन्ही टोकांचे वाकवलेले पोलादी पाइप आणि त्यांचे नट धडधाकट असतात. हे जुने पाइप राखून मधले रबर नवे घालायचे, हाच सर्वांत खात्रीचा मार्ग. म्हणून पहिला नियम असा, की फुटलेली नळी कधीही फेकू नये. नकाशा नसलेल्या वस्तूचा तीच नकाशा असते.

दुसरा नियम, नळी काढण्याआधी ती जागेवर असतानाच फोटो घ्यावेत. लांबी तर मोजावीच, पण दोन्ही टोके एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत तेही खुणा करून ठेवावे. तो कोन चुकला तर नळी पिळवटून बसते आणि लवकर तुटते. तिसरा नियम, कारागिराला ‘अशीच द्या’ एवढेच सांगून थांबू नये. दाब किती, बॉनेटखाली धग किती आणि आत तेल कोणते, हे सांगावे. जेसीबीच्या तारेची जाळी असलेला पाइप दाबाला पुरून उरतो, पण तो फुगत नाही, त्यामुळे पंपाची घरघर वाढू शकते. शिवाय तो ताठ असल्याने अरुंद जागेत वळत नाही आणि त्यातले बरेच प्रकार शंभर अंशांपर्यंतच्या तापमानासाठीच असतात. पॉवर स्टिअरिंगसाठीचाच पाइप मिळत असेल तर तोच मागून घ्यावा. नळी तयार झाल्यावर गाडीत बसवण्याआधी तिथल्याच हातपंपावर दाब देऊन तपासून घ्यावी. आणि तेलाच्या जागी ब्रेक ऑइल कधीही घालू नये. त्याने आतले रबर फुगते आणि नव्या नळीसकट पंपाची सीलही बाद होतात.

एवढे सगळे एकट्या मालकाने का करावे, असा प्रश्न इथे पडायला हवा. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरकडे पाहा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुकरची रिंग आणि शिट्टी आजही भांड्यांच्या दुकानात मिळते, कारण मापे सर्वांना ठाऊक आहेत आणि गिऱ्हाईक घरोघरी आहे. मोटारीच्या नळीचे माप मात्र कंपनीच्या कपाटात असते, आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले की कपाटाला कुलूप लागते.

कायद्याने या कुलपाकडे थोडेफार लक्ष दिले आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे ते प्रकरण अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारींचाही समावेश केला. हे स्वागतार्ह आहे. पण या साऱ्याचा रोख मुख्यतः चालू कंपन्यांवर आणि चालू मालावर आहे. ज्या गाडीचा कारखानाच थांबला तिचे काय? उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. त्यानंतर ‘अ‍ॅम्बॅसडर’ हे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ऐंशी कोटी रुपयांना विकले गेले आणि २०२२ मध्ये ‘काँटेसा’ या नावाचाही व्यवहार झाला. नावाला गिऱ्हाईक मिळाले. नावामागच्या नळ्या, सील आणि त्यांचे नकाशे यांचा वारस कोण, हे विचारायला कोणी पुढे आले नाही.

बाहेर हे वेगळ्या रीतीने होते. ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या गाड्यांची मूळ हत्यारे आणि साचे जपले, आणि १९८८ पासून एमजीबीचा सांगाडा त्याच साच्यांतून पुन्हा बनवला. मर्सिडीज कंपनीने १९९३ मध्ये स्टुटगार्टजवळ फेलबाख इथे जुन्या गाड्यांसाठी खास केंद्र काढले. १९९५ मध्ये पिंपरीत जुळणी झालेल्या मर्सिडीजचा मालक म्हणूनच आज काँटेसाच्या मालकाहून निश्चिंत असतो. दोन्ही गाड्या भारतातच जुळवलेल्या, पण एकीच्या मागे कागद सांभाळून ठेवणारी कंपनी आहे.

सरकारचे धोरणही इथे अर्धवट आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’चा दर्जा आणि वेगळी नंबरप्लेट मिळते. काँटेसासारख्या गाड्या त्या वयाला पोहोचलेल्या नाहीत आणि नवीनही राहिलेल्या नाहीत. त्यांना पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते आणखी वाढवण्यात आले. पासिंगच्या वेळी स्टिअरिंग ठणठणीत हवे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ते ठणठणीत ठेवण्याची वाटही कुठेतरी असायला हवी.

माझी मागणी मोठी नाही. एखादे मॉडेल बंद करताना कंपनीने त्याच्या ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाच्या भागांची मापे व मानके एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे जमा करावीत. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही मोटार संशोधन संस्था आहे. हे काम तिच्याकडे शोभेल. ज्यातून ग्राहकाचा जीव वाचतो एवढ्याच भागांबद्दल हे आहे, कंपनीच्या व्यापारी गुपितांना हात लावण्याचे कारण नाही. दरम्यान शौकिनांच्या क्लबांनीही रॅलीच्या फेट्यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा इकडे वळवावा. एक नळी बनवून घेणे महाग पडते, पन्नास एकदम सांगितल्या तर कारागीरही मन लावून करतो आणि एकदा घेतलेली मापे सर्वांच्या कामी येतात.

यावर कोणी म्हणेल, धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या हव्यात कशाला? खुशाल भंगारात द्या. रोजच्या वापरासाठी त्या असाव्यात असे मी म्हणत नाही. पण हा प्रश्न जुन्या गाडीपुरता नाही, हे लक्षात घ्यावे. आज शोरूममधून घरी येणाऱ्या बहुतेक मोटारींत तेलाची नळीच नसते. स्टिअरिंगला मदत करते ती विजेची मोटर आणि तिला हुकूम देणारी संगणकी पेटी. आणखी वीस वर्षांनी ती पेटी बिघडेल, तेव्हा ते मॉडेलही बंद झालेले असेल. नळी निदान उद्यमनगरात नेऊन क्रिम्प करता येते. त्या पेटीतला प्रोग्राम कोणता कारागीर वाचणार? कंपनीने तो सांगितला नाही तर उत्तम अवस्थेतली गाडीही तिच्यापायी भंगारात जाईल. तोवर आज तिच्या मागच्या सीटवर बसणारी आपली मुले कमावती झालेली असतील, आणि दुकानदाराचे ते ‘लाइन बंद झाली’ हे उत्तर तेव्हा त्यांना ऐकावे लागेल. कपाटाचे कुलूप उघडून घेण्याची सवय आपण आज या साध्या नळीपासून लावून घेतली, तर त्यांना निदान कोणाचे दार ठोठवायचे हे तरी ठाऊक असेल.